नदी फुगली म्हणजे पाऊसच का? जुन्या फोर बाय फोर गाडीचं निदान आणि अनुमानाची शिस्त

(कामशेत येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आत येतानाच एकाने मला अडवलं आणि विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे गॅरेजचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी मेकॅनिक नाही. पण जुनी फोर बाय फोर गाडी बरीच वर्षं वापरतोय, आणि तिने मला अनुमानाबद्दल जो धडा दिला तो वर्गात शिकवताना मलाच नीट कळलेला नव्हता. आपल्या मावळात जुन्या जीप, जिप्सी, सुमो, सफारी, स्कॉर्पिओ अजून पुष्कळ आहेत. कुणी शेतावर नेतं, कुणी पर्यटकांना फिरवतं. तेव्हा आजचं बोलणं दोन्ही कामांना यावं, गाडीच्या आणि विचाराच्या, असा प्रयत्न करतो.

आधी माझी चूक सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जो कच्चा रस्ता जातो, त्यावरून परत येत होतो. चिखलात गाडी फोर हाय मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद अशा अवस्थेत होती. डांबरी रस्ता लागला. पाऊस उघडला होता, रस्ता सुकला होता. बरी जागा बघून लिव्हर काढू म्हणून किलोमीटरभर तसाच सरळ आलो. असं मी पूर्वी अनेकदा केलं होतं, कधी काही झालं नव्हतं. या वेळी लिव्हर जागची हलेना. वळण आलं तशी गाडी ब्रेक दाबल्यासारखी अडायला लागली, स्टिअरिंग जड झालं, आणि खालून "कट-कट" असा आवाज. पोटात गोळाच आला.

आता, पंधरा दिवसांपूर्वी एका तरुण मेकॅनिकने याच गाडीच्या ट्रान्सफर केसचं ऑईल बदललं होतं. माझ्या डोक्यात निकाल तयार. याने हात लावला, म्हणून बिघडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो आणि चार लोकांसमोर त्याला नको ते बोललो. तर्कशास्त्र शिकवलेला माणूस मी, आणि पुराव्याशिवाय आरोप करून मोकळा झालो. तो मुलगा उलट काही बोलला नाही. त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला. त्या खडूकडे आपण नंतर येऊ.

आधी गाडीच्या पोटात काय चालतं ते बघू.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर चालत नाहीत. बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा, आतल्याला जवळचा. त्यासाठी प्रत्येक अ‍ॅक्सलवर डिफरन्शियल असतं, ते डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देतं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल हेसुद्धा सारखं अंतर चालत नाहीत, हे चटकन लक्षात येत नाही. वळताना मागची चाकं आतल्या बाजूने कापून येतात. बैलगाडीमागून चालणाऱ्याला हे न शिकवता कळतं.

हिशेब करू. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.६५ मीटर धरा. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय. मग पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य साधारण ५.६६ मीटर त्रिज्येवर फिरतो. नुसतं काटकोनात वळलात, तर मागच्याची वाट ७.८५ मीटर आणि पुढच्याची ८.८९ मीटर. एका वळणात एक मीटरहून जास्त फरक! चाकाचा घेर २.३ मीटर धरला, तर पुढच्या चाकांना जवळजवळ अर्धी फेरी जास्त मारायची असते.

टू व्हील मध्ये काही अडत नाही, पुढची चाकं आपली आपण मोकळी फिरतात. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्या, विलीजच्या वंशातली जीप, १९८५ साली आलेली जिप्सी, या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हच्या. पुण्यात बनलेली १९९८ ची सफारी आणि नाशिकची २००२ ची स्कॉर्पिओ, यांच्या फोर बाय फोर आवृत्त्याही त्याच घराण्यातल्या. फोर हाय टाकलं की ट्रान्सफर केसमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. दोघांनी सारख्याच फेऱ्या मारायच्या, दुसरा पर्याय नाही. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये किंवा १९७७ च्या लाडा निव्हामध्ये मधे तिसरं डिफरन्शियल आहे, ते हा फरक पचवतं. आपल्या या गाड्यांत ते नाही.

मग तो मीटरभराचा फरक जातो कुठे? चिखलात, वाळूत, ओल्या गवतात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरडं डांबर चाकाला घसरू देत नाही. फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. सुंभाला पीळ भरावा तसा. यालाच बाइंडिंग म्हणतात. पिळाच्या ताणाखाली आतली जोडणारी कडी इतकी दाबून बसते की लिव्हर निघत नाही. शेवटी टायर उडी मारून सुटतो आणि गाडीला झटका बसतो.

म्हणजे पहिली गोष्ट अशी, की कोरड्या डांबरावर फोर हाय मध्ये घट्ट वळण घेताना गाडी अडली तर तो बिघाड नाही, तो यंत्राचा स्वभाव आहे. स्वभावाला रोग समजून गिअरबॉक्स उघडणारे पुष्कळ असतात, आणि त्याचे पैसे देणारेही.

पण माझी गाडी तर सरळ रस्त्यावर अडकली होती. तेव्हा नुसता स्वभाव म्हणून भागत नव्हतं. इथे मला न्यायशास्त्राची आठवण काढावी लागते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचा एक प्रकार सांगितला आहे, शेषवत. परिणामावरून कारणाकडे जाणं. वात्स्यायनाने त्याला दिलेलं उदाहरण आपल्या इंद्रायणीला शोभेल असं आहे. नदी फुगलेली दिसली, तर वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण ओळखतो. सोपं आहे. पण सूत्रकार पुढे स्वतःच आक्षेप उभा करतात, आणि मला त्यांची ही सचोटी फार आवडते. आक्षेप तीन आहेत. एक, खाली कुठे पाणी अडलं तरी नदी फुगते. दोन, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणतात, पण कुणी वारूळ मोडलं तरी त्या अंडी घेऊन निघतात. तीन, मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणाल, पण माणूसही मोराची नक्कल करतो. मग अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर असं दिलं आहे, की चूक अनुमानाची नाही, चूक खूण अर्धवट बघणाऱ्याची आहे. पावसाने फुगलेल्या नदीला नुसती उंची नसते. तिला वेग असतो, फेस असतो, ती पानं, फळं, लाकडं वाहून आणते. अडलेल्या पाण्याला हे नसतं. आपण कामशेतकर हे जाणतोच. वडिवळे धरणातून पाणी सोडलं की इथे ऊन पडलेलं असतानाही नदी चढते. नुसती पातळी बघणारा फसतो, पाणी नीट बघणारा फसत नाही.

आता माझी चूक तपासा. हा तर मुंग्यांचा आक्षेप उलटा होऊन माझ्यावर आला! मेकॅनिकने हात लावला आणि त्यानंतर गाडी अडली, एवढीच माझी खूण. "यानंतर" वरून "यामुळे" कडे मी उडी मारली. कारण दुसरंही असू शकतं, हा विचारच केला नाही.

तर मग नीट बघायचं कसं? बाइंडिंगसाठी तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: फक्त फोर हाय मध्ये, फक्त वळणावर आणि फक्त कडक जमिनीवर अडते का? तर स्वभाव. काही उघडू नका.

दुसरा: फोर हाय मध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरतो का? तर पुढची-मागची चाकं एका फेरीत सारखं अंतर कापत नाहीयेत. याची कारणं दोनच मोठी. टायर वेगवेगळे, नाहीतर डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन बदलताना वेगळ्या दातांचा बसलेला. समजा पुढे ९ ला ४१ दात आहेत आणि मागे कुणी ८ ला ३९ चा बसवला, तर एक गुणोत्तर ४.५६ आणि दुसरं ४.८८. सात टक्क्यांचा फरक. टू व्हील मध्ये मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. जुनी गाडी विकत घेताना हे तपासायलाच हवं. त्या अ‍ॅक्सलचं एक चाक उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून, ते चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. दोन का, तर दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शियल निम्मीच गती शाफ्टला देतं. पुढचा आकडा आणि मागचा आकडा जुळला पाहिजे.

तिसरा: टू व्हील मध्ये टाकल्यावरही अडते का? तर एक तर ट्रान्सफर केस सुटतच नाहीये, नाहीतर फोर व्हीलचा संबंधच नाही आणि एखादा ब्रेक चिकटलाय किंवा पुढच्या अ‍ॅक्सलमधला क्रॉस जाम झालाय. यातलं कोणतं? सपाट जमिनीवर गाडी उभी करा, चाकांना दगड लावा, टू व्हील मध्ये ठेवा, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एक पुढचं चाक उचला, खाली घोडा लावा, आणि हाताने फिरवा. चाक मोकळं फिरलं आणि त्याबरोबर पुढचा शाफ्टही मोकळा फिरला, तर ट्रान्सफर केस निर्दोष. शाफ्ट धरलेला वाटला, तर ती अजून जोडलेली आहे. मग लिव्हरची जोडणी बघा. बटणाची गाडी असेल तर मोटरचा कनेक्टर, त्यातला चिखल, बॅटरीचा जोर हे बघा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. काही गाड्यांत तो आतली खरी अवस्था सांगतो, काहींत फक्त तुम्ही काय मागितलंत ते सांगतो.

एक इशारा इथेच देतो. पीळ भरलेल्या गाडीचं चाक जॅकवर उचललंत तर ते अचानक फिरू शकतं, हात जाईल. आधी पीळ सोडवायचा. लिव्हरशी झोंबाझोंबी न करता चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, किंवा मातीत उतरून थोडं चालवा, ती बहुतेकदा आपली आपण सुटते. आणि फोर बाय फोर गाडी एका चाकावर उचललेली असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. जमिनीवरची चाकं तिला जॅकवरून ओढून काढतील.

आता तो खडू.

त्या मुलाने चारही टायरमधली हवा सारखी केली. पुढच्या आणि मागच्या टायरवर, जमिनीला टेकतात तिथे, एकेक खूण केली आणि तशीच जमिनीवर केली. मला म्हणाला, "सर, तुम्ही स्टिअरिंग सरळ धरा." टू व्हील, न्यूट्रल. त्याने आणि आणखी दोघांनी गाडी ढकलली. पुढच्या चाकाच्या बरोबर दहा फेऱ्या झाल्या तिथे थांबवली. मागच्या टायरवरची खूण खाली यायला हवी होती. ती पुढे निघून गेली होती, साधारण एक फूट.

मग त्याने एवढंच विचारलं, "सर, पुढचे दोन टायर कधी टाकले?"

महिन्याभरापूर्वी मीच टाकले होते. मागचे अजून चालतील म्हणून दोनच घेतले होते, पैसे वाचवायला. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटरच्या आसपास, माझ्या मागच्या टायरची तीन. त्रिज्येत पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे घेरात तीन सेंटीमीटर. किती क्षुल्लक वाटतं! पण किलोमीटरला हा फरक तेरा मीटर होतो, चाकाच्या साडेपाच फेऱ्या. एवढा पीळ कुठली लिव्हर सोडेल? पूर्वी मी असाच किलोमीटरभर यायचो तेव्हा चारही टायर एकसारखे झिजलेले होते, म्हणून निभावलं होतं.

ज्या चार लोकांसमोर बोललो होतो, त्यातले दोघे तिथे उभे होते. त्यांच्यासमोरच मी त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "असू द्या सर, सगळे आधी आम्हालाच धरतात." हे वाक्य मला अजून टोचतं.

आता आवाजाकडे वळू. इथे तिसरा आक्षेप कामाला येतो, मोराच्या नकलेचा. गाडीत एक भाग दुसऱ्याची नक्कल हुबेहूब करतो. शिवाय आवाज लोखंडातून प्रवास करतो. मागच्या चाकाचा आवाज चालकाला सीटखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून "आवाज कुठून येतो" हा प्रश्न आधी विचारू नका. "आवाज कशाबरोबर बदलतो" हे विचारा. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ग्रंथात आणि आपल्या नैयायिकांनी अन्वय-व्यतिरेकात हीच शिस्त सांगितली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि काय बदलतं ते बघा.

सपाट मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाला गाडी न्यूट्रल करा. घाटाच्या उतारावर हे कधीही करायचं नाही. आवाज तसाच राहिला तर तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे: टायर, चाकाचं बेअरिंग, डिफरन्शियल, शाफ्ट. इंजिनाबरोबर खाली आला तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्सकडे बघा.

रस्ता बदला. डांबरावर जी "घूं-घूं" आहे ती द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर वेगळी झाली, तर तो टायर आहे. खडबडीत झिजलेला टायर बेअरिंगची नक्कल इतकी बेमालूम करतो की पुष्कळांनी चांगली बेअरिंगं फेकून दिली आहेत. पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज त्यांच्याबरोबर मागे गेला, तर चोर सापडला.

वजन बदला. मोकळ्या रस्त्यावर हळुवार डावीकडे वळलात की भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घरघर वाढली आणि उजवीकडे वळल्यावर कमी झाली, तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित.

ताण बदला. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असा गुणगुणणारा आवाज असेल, तर क्राउन-पिनियनची बैठक बघायला हवी. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच "टक्क" वाजलं, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा सरकता सांधा. हळू वेगात पाखरासारखी चिवचिव आली, तर क्रॉसमधलं ग्रीस संपलंय. थोड्याशा ग्रीसचं काम आहे, वेळेवर केलंत तर. आणि शाफ्ट काढून परत बसवल्यावर एखाद्या ठरावीक वेगाला थरथर सुरू झाली, तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते बघा. कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत दोनदा वेग कमीजास्त करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक पुसून टाकतो, पण दोघे जुळवून बसवलेले असतील तरच.

फोर लो मध्ये चढावर जोर दिल्यावर "धडाड" करून काही उडी मारल्यासारखं वाटलं, आणि गाडीची ट्रान्सफर केस चेनची असेल, तर चेन ताणली गेलेली असू शकते. ही मात्र खरी उघडण्याची वेळ.

उघडण्याआधी एक काम राहतं, ऑईल बघण्याचं. आपल्याकडे ओढ्यातून गाड्या जातात. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर किंवा सील खराब असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते पाणी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मऊ राख असेल तर ती वयाची झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर आत काहीतरी तुटतंय.

म्हणजे क्रम असा: आधी हवा आणि टायर, मग खडू, मग हाताने फिरवणं, मग ऑईल, आणि सगळ्यात शेवटी पाना. स्वस्त आणि परत फिरवता येणारी परीक्षा आधी, महाग आणि परत न फिरवता येणारी नंतर. एकदा उघडलेली ट्रान्सफर केस पूर्वीसारखी बसेलच असं नाही. एकदा केलेला आरोपही पूर्वीसारखा मिटत नाही. त्या मुलाकडे मी अजून गाडी नेतो, तो अजून "सर" म्हणतो, पण ऑईल बदलताना आता तो मला शेजारी उभं करतो आणि प्रत्येक नट घट्ट केल्याचं दाखवतो. मी न मागता. हे माझ्या घाईचं बिल आहे, आणि ते मी अजून फेडतोय.

गाडी असो की माणूस, दोष ठरवण्याआधी नदीचं पाणी नीट बघा. फेस आहे का, पानं आहेत का, वेग आहे का. एवढं बोलून थांबतो. ज्यांनी गाड्या आणल्या आहेत त्यांनी बाहेर थांबा, खडू मी आणलाय.